गेमिंग लॅपटॉप घेताय? वॅट किती ते आधी विचारा

ॲडमिशनचे दिवस आले की आपल्या कॉलममध्ये लॅपटॉपचे प्रश्न धो धो येतात, यंदा तर जवळजवळ सगळे गेमिंग लॅपटॉपचेच आलेत. मी ठाण्यात नौपाड्याला लॅपटॉप रिपेअरिंगचं काम करते, रोज कुणाचा ना कुणाचा लॅपटॉप माझ्या टेबलावर उघडा पडलेला असतो, त्यामुळे जे सांगतेय ते हाताखालून गेलेलं आहे. पहिलं उत्तर लांबलंय पण ते सगळ्यांनीच वाचा, कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न : ताई नमस्कार, मला नेरूळच्या कॉलेजात मेकॅनिकलला ॲडमिशन मिळालीय, राहायला कळव्याला आहे. बाबा ९५ हजारांपर्यंत द्यायला तयार आहेत. कॉलेजसाठी सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड लागेल आणि मला गेम पण खेळायचेत, सायबरपंक वगैरे. दुकानदाराने दोन दाखवले. एक एकदम स्लिम आहे, आय ७ १३६२० एच, आरटीएक्स ४०६०. दुसरा जाडा आहे, आय ५ १३४५० एचएक्स, आरटीएक्स ४०५०. दोन्हीत १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. दुकानदार म्हणतो डोळे मिटून पहिला घे, आय ७ पण आहे आणि कार्ड पण मोठं. घेऊ का?
— एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : आधी अभिनंदन रे. तू जे लिहून पाठवलंस त्यात प्रोसेसर आहे, रॅम आहे, सगळं आहे, फक्त एक आकडा नाहीये आणि गेमिंग लॅपटॉप नेमका तोच आकडा बघून घ्यायचा असतो. वॅट. म्हणजे ग्राफिक्स कार्डला तो लॅपटॉप जास्तीत जास्त किती पॉवर देतो ते, त्याला टीजीपी म्हणतात.

बघ, लॅपटॉपमधलं ४०६० कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना दिलीय, त्याच्यावर डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसरकडून गरजेला उसने मिळणारे, थोडे वॅट वेगळे. चिप तीच, ३०७२ कुडा कोअर (चिपमधले काम करणारे छोटे भाग) तेच, ८ जीबी मेमरी तीच, स्टिकरही तोच, पण एकाला पोटभर जेवण आणि दुसऱ्याला अर्धी भाकरी, मग दोघं सारखं काम कसं करतील? कंपनीही हे उगाच करत नाही, पातळ बॉडीत पंखे छोटे, हीटसिंक छोटं, गरमी बाहेर काढायला जागाच नाही, म्हणून तिथे कार्डाला कमीच पॉवर द्यावी लागते. पण दुकानातल्या पाटीवर हे कुणी लिहीत नाही. मी स्वतः २०२१ मध्ये फक्त ३०६० हे नाव बघून एक देखणा पातळ लॅपटॉप घेतला, घरी आल्यावर कळलं की तो ६० वॅटवाला आहे, म्हणजे त्या कार्डाला मिळू शकणाऱ्यातला सगळ्यात कमी, आणि त्याच पैशात ११५ वॅटवाला जाडा लॅपटॉप शेजारच्या शेल्फवर होता. अजून रुखरुख आहे मनात, म्हणून हे एवढं लिहितेय.

आता दुकानात जाऊन काय करायचं ते सांगते. डेमो पीस चालू करायला सांग, डेस्कटॉपवर राइट क्लिक करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघड, खाली डाव्या कोपऱ्यात सिस्टीम इन्फर्मेशन अशी लिंक असते ती दाब. एक छोटी विंडो उघडते, कार्डाचं नाव, ड्रायव्हर, मेमरी असं सगळं दिसतं, त्यातच मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर अशी ओळ असते आणि समोर वॅट. तिचा मोबाईलवर फोटो काढून घे. कंट्रोल पॅनेल टाकलेलंच नसेल तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये ग्राफिक्सच्या खाली बारीक अक्षरात वॅट दिलेले असतात, पण मॉडेल नंबर अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघ कारण एकाच नावाच्या लॅपटॉपचे दहा प्रकार असतात.

आय ७ चं म्हणशील तर तिथे दुकानदाराने तुला अर्धवट सांगितलंय. १३६२० एच आणि १३४५० एचएक्स दोन्हीमध्ये ६ परफॉर्मन्स आणि ४ एफिशियन्सी, असे १० कोअर आणि १६ थ्रेडच आहेत. आय ७ चा बूस्ट क्लॉक, म्हणजे जास्तीत जास्त वेग, थोडा जास्त आहे, ४.९ विरुद्ध ४.६ गिगाहर्ट्झ, कॅशही थोडी जास्त, बस. गेम खेळताना हा फरक तुला जाणवणार नाही, कार्डाच्या वॅटचा मात्र पहिल्याच दिवशी जाणवेल.

मग दोघांत कुठला? पहिल्यातला ४०६० जर ८० वॅटच्या वर निघाला तर तो बिनधास्त घे, कारण त्यात ८ जीबी मेमरी आहे आणि ४०५० मध्ये ६ च. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि नवे गेम ६ जीबीत कोंबायला लागलं की टेक्श्चर, म्हणजे चित्रातला बारकावा, खाली आणावे लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल या गेमच्या मिनिमम मध्येच ८ जीबीचं कार्ड मागितलंय, वारा कुठल्या दिशेला आहे ते त्यावरून कळतं. पण पहिला ४५ किंवा ५० वॅटचा निघाला तर तो नको, कारण मग पूर्ण वॅटच्या ४०५० मध्ये आणि त्याच्यात फार फरक उरत नाही आणि वर तो तापणार. मला विचारशील तर या दोन्हीच्या मधला तिसरा शोध, जाड बॉडी, आय ५ किंवा रायझन ७, आणि १०० वॅटच्या पुढचा ४०६० किंवा नवा ५०६०. आय ७ चे पैसे वाचवलेस की तो बजेटमध्ये बसायची शक्यता बरीच आहे. एकाच दुकानात अडकू नकोस, ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड फिर, वाशीत बघ, रविवार सोडून एखाद्या दिवशी मुंबईला लॅमिंग्टन रोडला चक्कर मार, रविवारी बरीच दुकानं बंद असतात म्हणून म्हणतेय. ऑनलाइन सेलचा भाव दाखवून घासाघीस कर, जीएसटीचं पक्कं बिल घे आणि बिलावर सिरियल नंबर आहे का ते काउंटरवरच बघ.

स्क्रीन विसरू नको, त्यावर तू चार वर्षं बघणार आहेस. स्पेसिफिकेशनमध्ये ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असेल तर रंग फिके, धुतलेल्या कपड्यासारखे दिसतात, १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलं बघ. ब्राइटनेस ३०० निट्सच्या खाली नको.

रॅम १६ जीबी आहे म्हणतोस, पण ८-८ च्या दोन आहेत की १६ ची एकच ते विचार. एकच असेल तर रॅम सिंगल चॅनलवर चालते आणि गेम मध्येमध्ये अडखळतो, ॲव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) चांगला दिसतो पण गर्दीच्या सीनमध्ये गचके बसतात. नंतर दुसरी टाकता येते, फक्त २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांची मागणीच तेवढी आहे, त्यामुळे आता दोन स्टिकवालाच मिळाला तर सोनं. एसएसडी ५१२ चालेल, पण दुसरा एम डॉट टू स्लॉट, म्हणजे आणखी एक एसएसडी बसवायची जागा, रिकामा आहे याची खात्री कर, रेड डेड रिडेम्प्शन २ हा एकच गेम १५० जीबी मागतो.

शेवटचं म्हणजे वजन. तू कळव्याहून ठाण्याला उतरून नेरूळची ट्रान्सहार्बर पकडणार, सकाळच्या गर्दीत बॅग पुढे छातीशी धरून उभा राहणार. जाडा लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलो, आणि त्याचा २३० वॅटचा चार्जर म्हणजे अख्खी वीट, तो वेगळा. ती वीट रोज न्यायची गरज नाही. टाइप सी वरून चार्ज होणारा लॅपटॉप बघ, मग कॉलेजात फोनच्या चार्जरएवढा ६५ किंवा १०० वॅटचा पीडी चार्जर नेला की लेक्चर, कॅड, नोट्स सगळं होतं, वीट घरी टेबलाला लावून ठेव. बॅटरीवर गेम खेळायचा विचार मात्र सोडून दे, चार्जर काढला की कार्डाचे वॅट एकदम खाली येतात, कुठल्याही कंपनीचा असू दे.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, दीड लाखाचा गेमिंग लॅपटॉप हवा म्हणतो. शेजारचे काका म्हणतात तेवढ्यात डेस्कटॉप भारी येईल. आमचं वन बीएचके आहे. काय करावं?
— एक आई, घणसोली

उत्तर : ताई, काका बरोबर बोलतायत, पण एक गोष्ट मुलाला विचारा, हा लॅपटॉप घराबाहेर जाणार आहे का? बारावीनंतर हॉस्टेलला जायचा विचार असेल तर लॅपटॉप. नसेल आणि तो टेबलावरच राहणार असेल तर डेस्कटॉपच घ्या. नाव सारखं असलं तरी आतला माल वेगळा असतो हे लोकांना माहीतच नसतं, डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये ५८८८ कोअर आणि १२ जीबी मेमरी, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी. शिवाय डेस्कटॉपचं काही बिघडलं तर तेवढाच पार्ट बदलता येतो, लॅपटॉपचं कार्ड गेलं की बहुतेक वेळा अख्खा मदरबोर्डच, वॉरंटी संपलेली असेल तर ते बिल ऐकून माझ्या टेबलासमोर लोक अक्षरशः खाली बसतात.

जागेचा प्रश्न खरा आहे. तीन फूट बाय दीड फूट टेबल आणि खाली कॅबिनेट, एवढी जागा निघत असेल तर जमेल. लाइट गेली तर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो, डेस्कटॉपला यूपीएस घ्यावा लागेल, ते पैसे धरून चाला. आणि दीड लाख एकदम घालू नका. एक लाखाच्या आत चांगला सेट बसवा, बाकीचे ठेवून द्या, दोन वर्षांनी नुसतं कार्ड बदललं की पुन्हा नवा. मुलाला सोबत घेऊन पार्ट निवडा, स्वतःच्या हाताने जोडू द्या, ज्यांनी मशीन स्वतः जोडलंय ती मुलं ते जपतात हे मी खूपदा बघितलंय.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी आरटीएक्स ४०६० चा लॅपटॉप घेतला, तेव्हा मस्त चालायचा. आता गेम चालू केल्यावर २० मिनिटांत एफपीएस ९० वरून ५० वर येतो, पंख्याचा आवाज विमानासारखा, सीपीयू ९८ डिग्री दाखवतो. खारघरला राहतो, समोर बिल्डिंगचं काम चालू आहे. गेम बेडवर बसून खेळतो. लॅपटॉप गेला का?
— एक आयटीवाला, खारघर

उत्तर : नाही गेला, श्वास कोंडलाय त्याचा. तुमच्या प्रश्नातच दोन कारणं लिहिली आहेत तुम्ही, समोरचं बांधकाम आणि बेड. गेमिंग लॅपटॉप हवा खालून ओढतो आणि मागून-बाजूने फेकतो. गादीवर ठेवला की चादर वर येऊन खालच्या जाळीला चिकटते, मग पंखा कितीही जोरात फिरला तरी ओढणार काय? आधी आजच्या आज टेबलावर घ्या, मागची बाजू इंचभर उचला, दोन जुन्या वह्या पण चालतील, कूलिंग पॅड नंतर घ्या. एवढ्यानेच ५ डिग्री तरी उतरतील.

नंतर साफसफाई. गेल्याच महिन्यात घोडबंदर रोडवरून असाच एक लॅपटॉप आला होता, मेट्रोच्या कामाशेजारी घर. खालचं कव्हर काढलं तर पंखे वरून स्वच्छ दिसत होते, मालक म्हणाले बघा धूळ नाहीच आहे. पंख्याचे तीन बारीक स्क्रू काढून पंखा उचलला तेव्हा खरी जागा दिसली, पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांची जाळी यांच्या मध्ये धुळीचा थर होता, नमद्यासारखा घट्ट, चिमट्याने धरला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, पट्टीसारखा. धूळ, कपड्यांचा धागा, मांजराचे केस आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेने ते सगळं एकमेकांना चिकटलेलं. बाहेरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, उलट आत दाबला जातो. तो काढला, चिपवरची गरमी हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट बदलली, त्याच गेममध्ये सीपीयू ९७ वरून ८३ वर आला.

स्वतः करणार असाल तर वॉरंटीचे नियम आधी वाचा, बऱ्याच कंपन्या नुसतं कव्हर उघडल्याने वॉरंटी काढत नाहीत पण काही ठिकाणी स्क्रूवर सील असतं. कव्हर उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, बाकी सगळं नंतर. पंख्यावर हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर वेड्यासारखं फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. पेस्टचं काम मात्र हात बसलेला नसेल तर करू नका, काही मॉडेलमध्ये लिक्विड मेटल असतं, ते विजेचं वाहक आहे, एक थेंब बाजूला सांडला तर बोर्ड जाईल. साधी पेस्ट असेल तर मी हल्ली फेज चेंज पॅड लावते, हनीवेलचं पीटीएम ७९५० म्हणून येतं, ते लॅपटॉपमध्ये पेस्टसारखं बाजूला सरकून सुकत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. आपल्याकडे नकली खूप येतं, भरवशाच्या माणसाकडूनच घ्या.

आता सेटिंग, हे फुकट आहे आणि लोक हेच करत नाहीत. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मॅक्स फ्रेम रेट असतो, तो ८० ला लॉक करा. स्टोरीवाल्या गेममध्ये ८० स्थिर एफपीएस हा ९० आणि ५० मध्ये झोके घेण्यापेक्षा कितीतरी चांगला वाटतो, आणि कार्ड उगाच धापा टाकत नाही. दुसरं, विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० असतो तो ९९ करून बघा, त्याने सीपीयूचा टर्बो बूस्ट बंद होतो, तापमान एकदम खाली येतं. सायबरपंकसारख्या गेममध्ये कामाचा भार जास्त करून कार्डावर असतो, त्यामुळे तिथे फारसा तोटा नाही, व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक २ मध्ये मात्र एफपीएस पडेल कारण ते प्रोसेसरवर चालणारे गेम आहेत, तेव्हा परत १०० करा.

तिसरं जरा नाजूक आहे पण मला सगळ्यात आवडतं, कार्डाचं अंडरव्होल्टिंग. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपवर चालतं. कंट्रोल एफ दाबलं की एक चढत जाणारी ठिपक्यांची रेघ उघडते, आडवे व्होल्टेज, उभे मेगाहर्ट्झ. गेम खेळताना तुमचं कार्ड किती मेगाहर्ट्झवर स्थिर राहतं ते आधी लिहून ठेवा, मग ९०० मिलिव्होल्टच्या आसपासचा ठिपका धरून त्या उंचीपर्यंत वर उचला, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच उंचीवर सपाट करून अप्लाय करा. म्हणजे तेच काम, कमी व्होल्टेजमध्ये. अर्धा तास गेम खेळून बघा, क्रॅश झाला तर क्लॉक थोडा उतरवा, घाबरू नका, रीसेट दाबलं की पहिल्यासारखं होतं. आफ्टरबर्नर ऑन स्टार्टअप मात्र दोन दिवस स्थिर चालल्याशिवाय लावू नका.

आणि ९८ आकडा बघून हबकू नका, इंटेलच्या एचएक्स प्रोसेसरची मर्यादाच १०० डिग्रीच्या आसपास आहे, तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. तुमचा एफपीएस पडतोय तो त्यामुळेच. खोली जेवढी गरम तेवढाच लॅपटॉप वर जातो, मे महिन्यातल्या दुपारी आणि जानेवारीतल्या रात्री सारखा आकडा यायची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : नवा लॅपटॉप चार्जिंगला लावून खेळताना मनगटाला मुंग्या येतात, हलका करंट लागल्यासारखा. चार्जर काढला की बंद. कोपरीतली जुनी बिल्डिंग आहे. दुकानदार म्हणतो मेटल बॉडीला असं होतंच.
— एक वाचक, कोपरी

उत्तर : होतंच असं म्हणून सोडू नका दादा. गेमिंग लॅपटॉपच्या चार्जरला तीन पिनांची वायर का असते? वरची जाडी पिन अर्थिंगची. चार्जरच्या आत विजेतला गोंधळ (नॉइज) गाळणारे छोटे कॅपॅसिटर असतात, त्यांच्यातून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो, अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो, नसेल तर तुमच्या मनगटाची वाट बघतो. म्हणजे लॅपटॉप नव्वद टक्के ठीक आहे, दोष भिंतीत आहे. आधी एवढं बघा की मध्ये टू पिनचा कन्व्हर्टर किंवा स्वस्तातला एक्स्टेंशन बोर्ड तर नाही ना, त्यात अर्थिंगची वायर आतून जोडलेलीच नसते. तो काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. तरी मुंग्या आल्या तर लायसन्सवाला वायरमन बोलवा आणि टेस्टरने नव्हे, मीटरने फेज आणि अर्थ मधलं व्होल्टेज मोजायला सांगा, २३० च्या जवळ यायला पाहिजे.

एक गोष्ट फार कळकळीने सांगते. जुन्या बिल्डिंगीत काही वायरमन शॉर्टकट मारतात, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका वायरच्या तुकड्याने जोडून देतात, मीटरवर आकडा बरोबर येतो, मुंग्याही थांबतात. पण उद्या न्यूट्रल कुठे तुटला तर फ्रिजच्या, गीझरच्या, लॅपटॉपच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. असं करू देऊ नका, सोसायटीच्या खड्ड्यातलं अर्थिंग नीट करून घ्या आणि मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. आणि हो, यासाठी एसीचा मोठा पॉवर प्लग लागत नाही, ३३० वॅटचा सगळ्यात मोठा चार्जर पण दीड ॲम्पिअरच्या आसपासच ओढतो, साधा ६ ॲम्पिअरचा सॉकेट पुरतो, फक्त अर्थिंग पाहिजे.

प्रश्न : सीवूड्सला एक जण आरटीएक्स ३०७० चा लॅपटॉप विकतोय, तीन वर्षं वापरलेला, ५५ हजार सांगतोय. घेऊ का? बघायला गेल्यावर काय तपासू?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : कार्ड अजून दमदार आहे, ८ जीबी मेमरी आहे, पण इथेही वॅट बघा, ३०७० पण ८० पासून १२५ पर्यंत कितीचाही येतो. घरी जाऊनच बघा, स्टेशनवर भेटून व्यवहार नको, कारण तुम्हाला एक तास आणि चालू सॉकेट लागणार आहे. पहिल्यांदा बिल मागा आणि बिलावरचा सिरियल नंबर लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरशी आणि बायोसमधल्या नंबरशी जुळवा. कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल, बिल त्यांच्या नावाचं असेल तर हात लावू नका, नंतर तो लांबून लॉक होऊ शकतो.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा, एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ६० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापा. त्यानंतर चार्जर लावून एखादा जड गेम अर्धा तास चालवा, स्क्रीनवर रंगीत ठिपके, पट्टे येतात का बघा, दोन्ही पंखे फिरतायत का कान लावून ऐका. झाकण हळू उघडा, बिजागरीपाशी बॉडी उचलली जात असेल तर आतले प्लास्टिकचे खांब तुटलेत, हे दुरुस्तीला आलेलं मी सगळ्यात जास्त बघते. खालचे स्क्रू बघा, डोकी घासलेली असतील तर आधी कुणीतरी उघडलाय, का उघडला ते विचारा. चार्जर ओरिजिनल आणि पूर्ण वॅटचा आहे ना तेही बघा, कमी वॅटचा चार्जर दिला तर लॅपटॉप चालू होतो पण गेममध्ये अर्ध्या ताकदीनेच चालतो आणि घरी गेल्यावर कळतं. हे सगळं पास झालं तरी ५५ ला घेऊ नका, वॉरंटी संपलेली आहे. ४५ पासून बोलायला सुरुवात करा.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा लॅपटॉप घेतला, मित्राच्या जुन्या लॅपटॉपपेक्षा काहीच वेगळं वाटत नाही. फसवलं का?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : अगं नाही, बहुतेक विंडोजने तो ६० वर ठेवलाय. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट १४४ कर. माउस नुसता गोल फिरवून बघ, लगेच कळेल. त्यानंतर कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन मक्स स्विच असेल तर गेम खेळताना तो डिस्क्रीट जीपीयूवर (वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर) टाक, म्हणजे कार्डातून निघालेलं चित्र प्रोसेसरच्या ग्राफिक्समधून वळसा न घेता थेट स्क्रीनवर येतं, एफपीएस थोडा वाढतो. कॉलेजला जाताना परत हायब्रिडवर आण, नाहीतर बॅटरी दुपारपर्यंत पण टिकणार नाही. आणि घरी चार्जर कायम लावलेलाच असेल तर त्याच ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचा ऑप्शन असतो, तो आजच चालू कर.